वलसाडची दोन वर्षं

कॅलिफोर्निया,
२० मार्च १९६५

चि. जमुनास,

अनेक आशीर्वाद. मी तुझा चुलतभाऊ, तुझ्याहून तीनच वर्षांनी मोठा, पण इतक्या लांबून आशीर्वाद द्यायला फार मजा येते, तेव्हा निमूट घे.

तुझं पत्र मिळालं. आतोबांची रेल्वेने रतलामला बदली केली आणि आत्याचं वलसाडचं बिऱ्हाड हललं, हे वाचून वाईट वाटलं. त्याच घरात राहून आधी मी कॉलेज केलं, मग तू. पण तू एवढी रडारड कशाला केली आहेस? दोन वर्षं झाली ना तुझी? आता परीक्षा दे, माहीमला घरी ये, आणि उरलेली दोन वर्षं मुंबईच्या एखाद्या कॉलेजात पूर्ण कर. बी.एस्सी. ती बी.एस्सी. पालघरहून रोज गाडीने जमायचं नाही, तेव्हा मुलीच्या जातीला हॉस्टेल मिळेल का, एवढाच काय तो प्रश्न.

इथली पद्धत सांगतो, तुला आवडेल. इथे प्रत्येक विषयाला नावाबरोबर नंबर असतो. शंभराच्या घरातला नंबर म्हणजे पहिल्या वर्षाचा विषय, दोनशेच्या घरातला म्हणजे दुसऱ्या वर्षाचा. नंबर वाचला की मुलाला काय येतं ते कळलं. पास झालीस की त्या विषयाची ठरलेली क्रेडिटं तुझ्या नावावर जमा, ती कुणी काढून घेत नाही. मी शिकतो ते दोन वर्षांचं लहान कॉलेज. सप्टेंबरात मी मोठ्या विद्यापीठात जाणार. तिथले नंबर निराळे आहेत, पण दोन्हीकडच्या लोकांनी बसून तक्ता करून ठेवला आहे, इकडचा हा नंबर म्हणजे तिकडचा तो. ऑफिसातल्या बाईने तक्त्यावरून बोट फिरवलं, माझ्या कागदावर खुणा केल्या, संपलं. एकही विषय पुन्हा करायचा नाही.

आणि गंमत म्हणजे, मी आलो तेव्हा यांनी माझी वलसाडची दोन वर्षंसुद्धा धरली होती, त्यामुळे इथलं एक वर्ष वाचलं. मी प्राचार्यांच्या सहीचा अभ्यासक्रम आणला होता. बाईने तो ओळन् ओळ वाचला आणि आपल्या प्रत्येक पेपराला इथला नंबर देऊन टाकला. वलसाड नकाशात कुठे आहे ते तिला सापडत नव्हतं. मी दाखवलं.

तर तू मुळीच काळजी करू नकोस. तारापूरच्या अणुवीज केंद्रात प्रयोगशाळा होईल तेव्हा तू तिथे पांढरा कोट घालून फिरशील आणि आम्ही गेटाबाहेर उभे राहू.

तात्याकाकांना नमस्कार.

तुझा,
कमलाकांत

*

माहीम, ता. पालघर,
६ मे १९६५

कमळूदादा,

तुझं पत्र मी मुंबईला जाताना पिशवीत घेऊन गेले होते. मूर्खच मी.

निकाल लागला. पास झाले, रसायनात कॉलेजात दुसरी आले. लगेच तात्यांना घेऊन विद्यापीठाच्या ऑफिसात अर्ज दिला, की मला तिसऱ्या वर्षाला, म्हणजे इथल्या ज्युनियर बी.एस्सी.ला घ्या. आठ दिवसांनी अर्ज घरी परत. वर तांबड्या शाईने लिहिलं आहे की पहिल्या वर्षापासून प्रवेश घ्यावा.

पुन्हा गेलो. खिडकीतल्या कारकुनाला विचारलं, अहो, दोन वर्षं शिकले ती गेली कुठे? तो म्हणाला, तुमच्याकडचं पहिलं वर्ष 'प्री-युनिव्हर्सिटी' म्हणतात, ते आम्ही शाळेत धरतो. दुसऱ्या वर्षाला तुम्ही 'फर्स्ट इयर' म्हणता, पण त्यातला रसायनाचा पेपर दोन आमच्या पेपर दोनशी जुळत नाही. मी म्हटलं, जुळणार कसा? तिथला पेपर दोन म्हणजे तुमचा पेपर तीन. आत काय आहे ते बघा ना उघडून. तर म्हणतो, बाई, आम्ही नंबर बघतो. आत बघायला लागलो तर संसार कधी करायचा? मागे उभे होते ते सगळे हसले. मेल्याला खिडकीतून ओढून बाहेर काढावासा वाटला.

पाच वर्षांपूर्वीपर्यंत वलसाड आणि माहीम एकाच राज्यात होतं रे. गाडी तीच आहे, रूळ तेच आहेत. उंबरगावच्या पुढे रसायनाचे गुणधर्म बदलतात का?

पालघरला उतरल्यावर तात्या म्हणाले, "जमने, जाऊ दे. परत आलेला करंडा त्याच पेठेत कोन धाडतो का?" तुला आठवत असेल. आपल्या मळ्यातली विड्याची पानं बांबूच्या करंड्यात भरून पालघर स्टेशनावरून पार उत्तरेला जातात, आणि तिकडचा दलाल करंडा न उघडता नुसता तात्यांचा मार्का बघून भाव ठरवतो. मार्क्याचा मान एवढा की करंडा एकदा परत आला तर तात्या तो पुन्हा त्या पेठेत पाठवत नाहीत. पाठवला तर बाकीचे करंडेही लोक उघडून बघायला लागतील, म्हणतात. माझ्या अर्जाचं त्यांनी तेच ठरवलं. हट्ट नाही, राग नाही. परत आला, संपला.

आता खरं काय ते सांगते. तात्यांनी मला चार वर्षं दिली होती, त्यातली दोन संपली. बोईसरचं एक स्थळ आलं आहे. मुलगा शांताराम, तारापूरच्या कामावर एका ठेकेदाराकडे स्टोअरकीपर आहे. मी त्याला पाहिलं, बरा आहे, माझ्याशी नीट बोलला. त्याच्या घरचे म्हणतात, दोन वर्षं थांबतो, बी.एस्सी. सून आली तर आम्हालाही हवीच. पण चार वर्षं ते थांबायचे नाहीत आणि तात्याही थांबायचे नाहीत. या जूनमध्ये तिसऱ्या वर्षाला बसले तरच मी बी.एस्सी. होणार. नाहीतर मी इंटर, म्हणजे दुसरं वर्षही पास नाही, काहीच नाही. मुंबईच्या कागदांप्रमाणे मी एस.एस.सी.

तुझ्या तक्त्यावरून बोट फिरवणाऱ्या बाईला माझा नमस्कार सांग. इकडे पाठवतोस का तिला?

जमुना

*

कॅलिफोर्निया,
१५ मे १९६५

चि. जमुनास,

तुझं पत्र वाचून रक्त उसळलं. अमेरिकेतल्या बाईला समजतं आणि मुंबईतल्या कारकुनाला समजत नाही! मी इथल्या भारतीय मुलांना वाचून दाखवलं, सगळे चिडले. यावर एक लेख लिहायचा माझा विचार आहे. आपल्या देशात विद्यापीठागणिक पेपरांचे नंबर आपापल्या मर्जीने पडतात, एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही, मग विद्यार्थ्याने शिकलेलं एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणार कसं? सगळ्यांनी मिळून एक तक्ता केला तर हजारो मुलांची वर्षं वाचतील. लेखाला नावही सुचलं आहे, नंतर सांगेन.

तू असं कर. स्वतःच तक्ता कर. डावीकडे वलसाडचा पेपर, उजवीकडे मुंबईचा, प्रत्येकात कोणते धडे ते खाली लिही. वलसाडच्या प्राचार्यांची सही घे. मग खिडकीवर नको, आतल्या मोठ्या साहेबांकडे जा. परत आलेल्या करंड्याचं काकांनी म्हटलं ते मनावर घेऊ नकोस, पानांचं निराळं आणि विद्येचं निराळं.

धीर सोडू नको. लढ.

तुझा,
कमलाकांत

*

माहीम,
२९ मे १९६५

दादा,

लढले. आता नीट वाच, हे पत्र लेखासाठी नाही.

तक्ता केला. वलसाडला जाऊन प्राचार्यांना भेटले. भला माणूस, त्यांनी प्रत्येक पानावर सही केली आणि तुझीही चौकशी केली. तात्या यायला तयार नव्हते. मी म्हटलं, तात्या, त्यांनी करंडा उघडलाच नाही. पानं कुजकी म्हणून परत आला असता तर मी तोंड उघडलं नसतं. त्यांना मार्काच ओळखता आला नाही, त्यात पानांचा काय दोष? ते उठले, कोट घातला, म्हणाले, "चल."

या वेळी आतल्या साहेबांपर्यंत पोचलो. वयस्कर, सभ्य गृहस्थ. त्यांनी माझा तक्ता खरंच वाचला. म्हणाले, मुली, तुझं बरोबर आहे, दोन्हीकडे शिकवतात तेच. पण हे तू म्हणतेस आणि तुझं कॉलेज म्हणतं. तिसऱ्या कुणी मान्यता दिलेली असेल तर दाखव. दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठाने किंवा कॉलेजाने या पेपरांना आपल्या पेपरांच्या बरोबरीचं धरलं आहे, असा कागद आण. समितीची बैठक २१ जूनला आहे. मी स्वतः तिच्यापुढे ठेवतो.

दादा, तसा कागद जगात एकाच माणसाकडे आहे. तुझ्याकडे. तुझ्या त्या बाईने वलसाडच्या प्रत्येक पेपराला नंबर दिला तो कागद. प्राचार्य म्हणाले, तुझा आणि माझा अभ्यासक्रम एकच आहे, मध्ये काही बदललं नाही. बाईकडून शिक्का मारून त्याची नक्कल घे आणि एअरमेलने पाठव. पत्र लिहायला वेळ नसला तर लिहू नकोस, नुसता कागद पाठव.

तात्यांना हे मी सांगायच्या आधीच कळलं. गाडीत मलाच समजावून सांगायला लागले. परत आलेला करंडाही पुन्हा जातो म्हणे, एकाच रीतीने. दुसऱ्या नावाजलेल्या मळेवाल्याने त्यावर आपली दोरी बांधायची. म्हणजे दलालाला कळतं की या मालाचा हवाला आणखी कुणीतरी घेतला आहे. "आपल्या पानांस आपुनच चांगली म्हनायचं, तां चालत नाय. दुसऱ्याची दोरी लागते." इतक्या दिवसांत प्रथमच हसले. घरी आल्यावर माझ्या आईला म्हणाले, कमळूची दोरी येतेय अमेरिकेहून.

बोईसरच्या मंडळींनाही सांगून ठेवलं आहे की २१ तारखेला काय ते ठरेल. ती थांबली आहेत.

फक्त पाठव.

जमुना

*

कॅलिफोर्निया,
८ जून १९६५

तीर्थरूप तात्याकाकांच्या चरणी,

कमलाकांतचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र थोड्या संकोचाने लिहीत आहे. चि. जमुनाने माझ्याकडे एक कागद मागितला आहे. तो मिळवणं मला मुळीच अवघड नाही, ऑफिस माझ्या खोलीपासून पाच मिनिटांवर आहे. पण आईच्या पत्रात वाचलं की जमुनासाठी बोईसरचं फार चांगलं स्थळ आलं आहे आणि तुमच्या मनात ते या वर्षीच उरकून घ्यावं असं आहे. आधीच्या पत्रात जमुनाने तुमचे शब्दही कळवले होते, की परत आलेला करंडा पुन्हा पाठवू नये. त्यावरून तुमची इच्छा काय असावी याचा मला अंदाज आला.

बाबा गेल्यावर तुम्ही मला वाढवलंत. मला इथवर तुम्हीच पोचवलंत. घरातल्या मुलीच्या बाबतीत तुमच्या शब्दाबाहेर मी परस्पर काही करावं आणि त्यामुळे एखादं जमलेलं लग्न मोडावं, हे माझ्या हातून होणार नाही. उद्या कुणी म्हणायला नको, अमेरिकेत गेला आणि घरात ढवळाढवळ करायला लागला.

तरी तुमची परवानगी असल्यास तसं कळवावं, म्हणजे लगेच कागद पाठवतो. जमुनाला याबद्दल काही बोलू नये, उगीच मनाला लावून घेईल.

आपला,
कमलाकांत

*

माहीम,
१७ जून १९६५

चि. कमलाकांतास,

तात्याचा आशीर्वाद.

अरे मुला, तुला काय म्हनू? तुजा कागद यायचा म्हनून जमना रोज पोस्टमनच्या वाटेवर जाऊन उभी ऱ्हाते. आज तो आला. पाकीट अमेरिकेचं होतं. तिनं हातात घेतलं, वर माजं नाव बघितलं, मला आनून दिलं आनि समोर बसून ऱ्हायली. मी उघडलं. वाचलं. आता तिला काय सांगू? तू म्हनतोस तिला बोलू नये. माज्या तोंडाकडं बघून तिला कळलं. हातातून पत्र घेऊन तिनं वाचलं आनि उठून मळ्यात गेली.

माजी परवानगी मागितलीस. अरे, परवानगी नसती तर मी मुंबैला त्या साहेबाच्या दारात कशाला बसलो असतो? मी दोन यत्ता शिकलेला मानूस. मला सुरवातीला उमजलं नव्हतं, म्हनून करंड्याचं बोललो. मग पोरीनं समजावलं, मी समजलो. तू येवडा शिकलेला, तू माजा पैला शब्द धरून बसलास. दुसरा शब्द तिनं लिवला होता ना तुला? तिच्या पत्रात होता ना? मग तो का नाय वाचलास? का पोरीनं लिवलेलं खरं धरायचं नाय असं हाय तुमच्याकडं अमेरिकेत?

दोरी बांधनारा मानूस दोरी बांधायच्या आदी मालकाला इचारीत नाय, बांधू का म्हनून. तवर पानं सुकतात.

लग्न मोडंल म्हनून भ्यालास. बोईसरची मानसं थांबली हायत, तुज्या कागदासाठीच थांबली हायत.

धाड. आत्ता धाड. आज सतरा तारीख. एकवीसला येत नाय हां मला बी कळतं. तरी धाड.

तात्या

*

माहीम,
२५ जुलै १९६५

कमलाकांत,

'दादा' असं लिहिणार होते, हात वळला नाही.

तुझा कागद ७ जुलैला पोचला. छान आहे. सोनेरी शिक्का आहे, खाली त्या बाईची सही आहे. वलसाडचा रसायन पेपर दोन, समोर त्यांचा नंबर. पदार्थविज्ञान, समोर नंबर. एकूण एक बरोबर. सोबतची तुझी चिठ्ठीही वाचली. काकांचा होकार आला आणि त्याच दिवशी मी पाठवला, असं लिहिलं आहेस. त्याच दिवशी! शाबास.

तात्या तो कागद घेऊन एकटेच मुंबईला गेले, मला नेलं नाही. ज्या माणसाने उभ्या जन्मात कुठल्या दलालापुढे मान खाली घातली नाही, तो सकाळपासून त्या ऑफिसच्या बाकावर बसून राहिला. साहेब भेटले. कागद वाचून कपाळाला हात लावला म्हणे. म्हणाले, काका, हा एकवीसला हातात असता तर पाच मिनिटांचं काम होतं. आता समितीची बैठक डिसेंबरात. तोवर अर्धं वर्ष संपलेलं असतं, मग पुढच्या जूनलाच प्रवेश.

तात्या बोईसरला गेले. आणखी एक वर्ष थांबा म्हणून सांगायला. त्यांनी चहा पाजला, बसवलं, आणि म्हणाले, एकवीस तारीख तुम्हीच दिली होती. एकदा दिलेली तारीख गेली, आता डिसेंबर म्हणता, मग जून म्हणाल. शब्द तात्यांचाच होता आणि तो परत आला होता. मार्गशीर्षात लग्न धरलं आहे.

मी भांडले. दोन दिवस जेवले नाही. तात्यांना म्हटलं, स्थळ मोडा. ते म्हणाले, मोडतो, पण मग पुढं कोण थांबेल ते तू सांग. त्यांच्यावर मी रागावू शकत नाही रे. त्यांच्या समजुतीत जे चूक होतं ते त्यांनी स्वतः उठून, कोट घालून सुधारलं. त्या साहेबांवरही राग नाही. खिडकीतल्या त्या कारकुनावर होता, पण त्याने निदान मला तोंडावर नाही म्हटलं.

तू तोंडावर हो म्हटलंस. तू लढ म्हणून लिहिलंस. आणि कागदाची वेळ आली तेव्हा तुला आठवलं की मी घरातली मुलगी आहे आणि माझं काय करायचं ते पुरुषांनी एकमेकांना विचारून ठरवायचं. मला काय हवं ते मी स्पष्ट लिहिलं होतं, "फक्त पाठव". ते माझं पत्र तुझ्या टेबलावर उघडं पडलेलं असताना तू दुसरा कागद घेऊन तात्यांना विचारत बसलास. ऑफिस पाच मिनिटांवर असताना. तू मला परकी म्हणाला असतास तरी इतकं लागलं नसतं.

लेखाचं काय झालं? नाव ठरलं होतं ना?

लग्नाला काही पाठवू नकोस.

जमुना

*

कॅलिफोर्निया,
५ ऑक्टोबर १९६७

सौ. जमुनास,

अनेक आशीर्वाद. दोन वर्षांत तुझं एकही पत्र नाही. आईकडून कळतं, की तुला मुलगी झाली, तुम्ही बोईसरला नव्या चाळीत राहता. झाल्या गोष्टी तू अजून मनात धरून आहेस असं आई म्हणते. जमुना, मी जे केलं ते तुझ्या भल्यासाठीच, काकांचा मान राखावा म्हणून. एखाद्या पोस्टाच्या उशिरावरून माणसाला जन्मभर गुन्हेगार ठरवायचं का? तू समजूतदार आहेस. आणि शेवटी तुझं सगळं छानच झालं.

आज एका कामासाठी लिहीत आहे. मला दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठात एम.एस.ला प्रवेश मिळाला आहे. पण ते आधीच्या कॉलेजाने दिलेल्या नंबरांवर विश्वास ठेवायला तयार नाहीत. म्हणतात, वलसाडच्या त्या दोन वर्षांचा मूळ अभ्यासक्रम प्राचार्यांच्या सहीने पुन्हा दाखवा, नाहीतर रसायनाचे दोन विषय नव्याने करा. माझ्याजवळची प्रत इकडून तिकडे जाताना हरवली. हे दोन विषय पुन्हा करावे लागले तर माझं सबंध अर्धं वर्ष जाईल. शिकलेलं पुन्हा शिकायचं, केवढा जाच आहे सांग! कागद इथे १५ नोव्हेंबरच्या आत हवेत.

प्राचार्य तुला ओळखतात. बोईसरहून वलसाडला सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल. तू मागे केला होतास तसा तक्ता जमल्यास सोबत जोड, तुझं अक्षर चांगलं आहे.

अर्थात शांतारामरावांना विचार, ते हो म्हणाले तरच जा. तुमच्या घरात माझ्यामुळे काही व्हायला नको.

तुझा,
कमलाकांत

*

बोईसर,
१७ ऑक्टोबर १९६७

कमलाकांतदादा,

तुझं पत्र परवा मिळालं. काल वलसाडला जाऊन आले, मुलीला कडेवर घेऊन. प्राचार्य आता थकले आहेत, पण ओळखलं. विचारलं, बी.एस्सी. कुठून केलीस? मी म्हटलं, केली नाही. ते कागद ओढून सह्या करायला लागले. आपण ज्या प्रयोगशाळेत काम केलं तिच्या दारात मी उभी राहिले. आतल्या मुली माझ्याकडे बघत होत्या, कुणाची तरी आई आली आहे म्हणून. बाहेर येऊन प्लॅटफॉर्मवर बसले आणि पोरीला पाजता पाजता ढसढसा रडले. हे तुला मुद्दाम सांगते. सगळं छानच झालं असं तू लिहिलं आहेस ना, म्हणून.

तारापूरच्या प्रयोगशाळेसाठी माणसं घेताहेत. जाहिरात आमच्या चाळीखालच्या दुकानाच्या भिंतीला चिकटवली आहे. बी.एस्सी., रसायन. दूध आणायला जाते तेव्हा रोज वाचते.

शांताराम चांगले आहेत. त्यांच्या स्टोअरमध्ये अमेरिकेहून पेट्या येतात. एकदा ते दोन बोल्ट घेऊन घरी आले. एक तुमच्याकडचा, एक इथल्या कारखान्यातला. दोन्हींवर एकच नंबर, आणि नट कुठलाही लावा, बसतो. ते कौतुकाने दाखवत होते, बघ कशी पद्धत आहे, नंबर जुळला की कुठला माल कुठेही चालतो. मी म्हटलं, हो, बोल्टाचं बरं आहे. ते हसले. त्यांना मी वलसाडचं कधी नीट सांगितलं नाही. त्यातला एक बोल्ट मुलीने खेळायला घेतला आहे.

तात्यांची तब्येत बरी नसते. मळा अर्धा सोडला. करंडे आता दुसऱ्यांच्या मार्क्याने जातात. परवा आले होते, जाहिरात वाचून माझ्याकडे बघत उभे राहिले. मी म्हटलं, तात्या, चहा घ्या. ते म्हणाले, "त्या टायमाला मी आदीच, पैल्याच दिशी, हो म्हनायला पायजे होतं." म्हाताऱ्या माणसाला दोन वर्षांनी तेच लागतंय. तुला लागत नाही.

आता तुझं काम. अभ्यासक्रम, प्रत्येक पानावर प्राचार्यांची सही आणि शिक्का, सोबत जोडला आहे. तक्ताही केला आहे. वलसाडचे पेपर डावीकडे, तुझे नंबर उजवीकडे. नंबर आठवायला कष्ट पडले नाहीत. तुझा सोनेरी शिक्क्याचा कागद माझ्या ट्रंकेत आहे, त्याच्यावरून उतरवले.

तुझं अर्धं वर्ष वाचेल. वाचायलाच हवं. शिकलेलं पुन्हा शिकायला लावणं हा जाच आहे, हे तू बरोबर लिहिलं आहेस.

पाकीट आताच एअरमेलने टाकते आहे. शांतारामांना विचारलं नाही. तात्यांना विचारलं नाही. तू मागितलंस, मी पाठवलं.

जमुना